बधिर संगीतकाराचे पहिले श्रवण

संगीतरचना कागदावर उतरली म्हणजे पूर्ण झाली, की ती वादकांच्या हातून प्रथम वाजली म्हणजे पूर्ण झाली, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु ज्या परंपरेत रचना करणारा एक आणि ती वाजविणारे दुसरे अशी विभागणी झालेली असते, तेथे प्रत्येक नव्या कृतीच्या वेळी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. कवीची कविता छापून आली की कवी आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा कोणी उरत नाही. नाटककाराची गोष्ट निराळी. त्यास नटांच्या मुखाने बोलावे लागते. संगीतरचनाकाराची अवस्था त्याहूनही नाजूक असते, कारण त्याची संहिता बहुसंख्य श्रोत्यांस वाचताही येत नाही. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तो श्रोत्यांत जाऊन बसतो आणि जे कित्येक महिने केवळ त्याच्या मनात वाजत होते, ते प्रथमच बाहेरून त्याच्या कानी येते. अंतरीच्या नादाची आणि बाहेरच्या नादाची ही पहिली भेट असते.

परंतु ज्याच्या कानांनीच त्याची साथ सोडली आहे, त्याच्या बाबतीत ही भेट व्हावी कशी? लुडविग व्हान बेथोव्हन याच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत व्हिएन्ना नगरीत हा प्रश्न तीन वेळा उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्या तीन प्रसंगांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पहिला प्रयोग म्हणजे रचनेची परीक्षा, अशी सर्वसाधारण समजूत आहे, वस्तुतः त्या दिवशी परीक्षा होते ती तालमीची, वादकांच्या समजुतीची आणि श्रोत्यांच्या धीराची. रचनेचा निकाल त्या दिवशी लागत नाही, व तो लागू देऊ नये. एरव्ही हे लक्षात येणे कठीण; पण जेथे रचनाकारास एक स्वरही ऐकू येत नाही, तेथे ते उघडपणे दिसते.

प्रथम या संगीतप्रकाराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शंभर वादकांचा वाद्यवृंद आणि भव्य सभागृह यांपासून दूर, एखाद्या दिवाणखान्यात मोजक्या वादकांनी मोजक्या श्रोत्यांपुढे वाजवावयाचे जे संगीत, त्यास युरोपात चेंबर म्युझिक म्हणतात. आपण त्यास बैठकीचे संगीत म्हणू. त्यात सर्वांत मानाचे स्थान क्वार्टेट अथवा चतुष्टय या प्रकारास आहे. दोन व्हायोलिने, एक व्हियोला आणि एक चेलो, अशी ही चार गजाची वाद्ये. कोणी मुख्य नाही, कोणी केवळ साथीचा नाही. चौघे सुज्ञ गृहस्थ एकाच विषयावर बोलत बसावेत तसे त्यांचे चालते. प्रत्येकाच्या पुढे त्याच्यापुरत्या स्वरांची वही असते. चारही वह्या एकत्र लिहिलेली संहिता रचनाकारापाशी असते. पुढे येणारी हकिगत समजण्यासाठी ही व्यवस्था ध्यानात ठेवावी.

१८२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात रशियातील सेंट पीटर्सबर्गहून प्रिन्स निकोलस गालित्झिन या तरुण सरदाराने बेथोव्हनला एक पत्र लिहिले. हा सरदार स्वतः चेलो वाजवीत असे. एक, दोन किंवा तीन नवी चतुष्टये लिहून द्यावीत, मानधन आपणच ठरवावे, असा त्या पत्राचा आशय होता. बेथोव्हनने पुढील जानेवारीत होकार कळविला व प्रत्येक चतुष्टयास ५० डुकाट, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांत, मोबदला सांगितला. १८१० नंतर त्याने या प्रकारास हात लावला नव्हता. हाती घेतलेले दोन प्रचंड ग्रंथ, म्हणजे मोठी उपासनासंगीताची रचना मिस्सा सोलेम्निस आणि नववी सिंफनी, संपल्याखेरीज त्यास नवे काम घेता येईना. नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात सादर झाली. त्या दिवशी टाळ्यांचा गजर त्यास ऐकू येईना, म्हणून गायिका कॅरोलिन उंगर हिने त्यास श्रोत्यांकडे वळविले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्यानंतर तो चतुष्टयांकडे वळला व १८२५ च्या आरंभी त्यांतील पहिले, ओपस १२७, तयार झाले.

त्याच्या बहिरेपणाचा इतिहास त्यावेळी पाव शतकाहून अधिक जुना झाला होता. १८०१ साली त्याने आपला डॉक्टर मित्र वेगेलर यास पत्रातून ही व्यथा प्रथम कळविली. १८०२ च्या ऑक्टोबरात हायलिगेनश्टाट या खेड्यात बसून त्याने भावांच्या नावे जे मृत्युपत्रवजा लिखाण केले, ते त्याच्या मरणानंतर सापडले. १८१८ पासून त्याच्याशी बोलणारे लोक आपले म्हणणे एका वहीत लिहून दाखवू लागले. तो बहुधा तोंडाने उत्तर देई. त्यामुळे या संभाषणवह्यांत प्रश्न पुष्कळ आढळतात, उत्तरे क्वचित. शंभराहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास हे साधन विलक्षण आहे. एका बधिर माणसाभोवतालचे सारे जग काय बोलत होते ते आपल्याला वाचता येते. केवळ त्याचा स्वतःचा आवाज तेवढा ऐकू येत नाही.

पहिल्या प्रयोगाचे काम इग्नात्स शुपांत्सिग या व्हायोलिनवादकाकडे गेले. हा बेथोव्हनचा जुना स्नेही. व्हिएन्नात वर्गणीदार श्रोत्यांसाठी चतुष्टयांच्या जाहीर बैठकी भरविण्याचा उपक्रम त्याने १८०४ च्या सुमारास सुरू केला होता. त्यापूर्वी असे संगीत सरदारांच्या वाड्यांतच चाले. पुढे काही वर्षे रशियात काढून तो १८२३ साली परतला होता. शरीराने तो फार स्थूल, आणि बेथोव्हन त्याची त्यावरून नेहमी थट्टा करीत असे. त्याच्यासोबत दुसऱ्या व्हायोलिनवर कार्ल होल्ट्स, व्हियोलावर फ्रांत्स वाइस आणि चेलोवर योसेफ लिंके असे वादक होते. होल्ट्स हा अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. सरकारी कचेरीत नोकरी करून उरल्या वेळात वाजविणारा. प्रयोगाची तारीख ६ मार्च १८२५ ठरली. वह्या हाती येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. बेथोव्हनने चौघांकडून एक गमतीचा करारनामा लिहून घेतला : प्रत्येकाने आपल्या अब्रूची शपथ वाहून, इतरांशी चढाओढ करीत, आपले कर्तव्य उत्तम बजावावे. चौघांनी थट्टेने सह्या केल्या. थट्टेच्या तळाशी काळजी होती, हे उघड आहे.

प्रयोग फसला. बेथोव्हन स्वतः तेथे गेला नव्हता. पुतण्या कार्ल आणि भाऊ योहान यांनी जो वृत्तान्त आणला, त्यावर त्यास विसंबावे लागले. आणि त्या वृत्तान्तात सारा दोष शुपांत्सिगच्या माथी मारलेला होता. संभाषणवह्यांत शुपांत्सिगची बाजूही सापडते. त्याचे म्हणणे असे, की रचना लवकर सादर केली गेली हे खरे; बोटांना अवघड असे त्यात काही नाही, परंतु तिचे नावीन्यच असे आहे की ते पहिल्या दृष्टीत आकळत नाही. आम्हांस हे उत्तर फार प्रामाणिक वाटते. स्वर सारे वाजले होते. परंतु ते तसे का वाजावयाचे, हे चौघांपैकी कोणास पुरते उमगले नव्हते. शिक्षकाच्या परिचयाचा हा अनुभव आहे. विद्यार्थी कवितेतील एकही शब्द न चुकता वाचतो, आणि तरीही कविता वाचली गेलेली नसते.

आता यापुढे जे घडले ते या लेखाचे मर्म होय. बेथोव्हनने योसेफ ब्योम यास बोलाविले. हा हंगेरीत जन्मलेला तीस वर्षांचा व्हायोलिनवादक व्हिएन्नाच्या संगीतविद्यालयात अध्यापक होता. त्याने साथीदारांसह हेच चतुष्टय पुन्हा बसविण्यास घेतले आणि तालमी बेथोव्हनच्या डोळ्यांदेखत झाल्या. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. ब्योमने पुढे आपल्या आठवणीत नमूद केले आहे, की त्या दुर्दैवी पुरुषास आपल्याच रचनेतील नाद ऐकू येत नव्हता. पण त्याची नजर चौघांच्या गजांवर खिळलेली असे, आणि गजाच्या हालचालीवरून लयीतील लहानशी चूकही तो ओळखून तत्क्षणी दुरुस्त करी.

हे कसे शक्य होते याचा थोडा विचार केला पाहिजे, अन्यथा ही चमत्काराची कथा होऊन बसेल. गजाने वाजणाऱ्या वाद्यात नादाची बहुतेक अंगे डोळ्यांना दिसतात. गज भरभर ओढला की हळू, तारेवर दाबून की अलगद, एका ओढीत किती स्वर बांधले, कोठे गज उचलला, कोठे दिशा पालटली, हे सर्व पाहणाऱ्यास कळते. दिसत नाही ते एकच : स्वर सुरात लागला की नाही. बेथोव्हनला प्रत्येक वहीतील प्रत्येक स्वर पाठ होता. त्याचे मन संहिता वाचीत होते आणि डोळे गज वाचीत होते. दोन वाचने जुळली म्हणजे त्यास वादन ठीक चालल्याचे समजे. तरुणपणी तो स्वतः बॉन येथील दरबारी वाद्यवृंदात व्हियोला वाजवीत असे, हेही विसरता कामा नये. गजाची भाषा त्याच्या हातास ठाऊक होती.

याच तालमींतील एक प्रसंग ब्योमने सांगितला आहे. शेवटच्या खंडाच्या अखेरीस बेथोव्हनने ‘मेनो व्हिव्हाचे’, म्हणजे चपळाई किंचित कमी करावी, अशी सूचना लिहिली होती. तेथे लय उतरली की परिणाम उणावतो, असे ब्योमला वाटले. त्याने साथीदारांस सांगितले की पूर्वीचीच लय कायम ठेवू. तसे वाजविले गेले. बेथोव्हन कोपऱ्यात दबून बसला होता. ऐकू काहीच येत नव्हते, पण तो ताणलेल्या नजरेने पाहत होता. शेवटचा गज थांबला. तो मोजक्या शब्दांत इतकेच म्हणाला की हे असेच राहू द्या; मग उठून चारही वादकांच्या वह्यांपाशी गेला आणि चारही ठिकाणची ती सूचना त्याने खोडून टाकली.

बेथोव्हनच्या चरित्रात तापटपणाच्या कथा पुष्कळ आहेत. या कथेकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. आमच्या मते तिचे मोल फार मोठे आहे. जगातील सर्वश्रेष्ठ रचनाकार म्हणून ज्याची कीर्ती झाली होती, तो चोपन्न वर्षांचा पुरुष, स्वतःस ऐकू न आलेल्या वादनाच्या आधारावर आपल्या लेखणीने लिहिलेला शब्द मागे घेतो. त्यास पटविले कोणी? युक्तिवादाने नव्हे, ब्योमने वहीत काही लिहून दाखविल्याचे येथे सांगितलेले नाही. गजांच्या गतीत त्यास काही दिसले, आणि जे दिसले ते मनातील नादाशी ताडून पाहता अधिक खरे वाटले. कान शाबूत असलेला रचनाकार पहिल्या तालमीस जे करतो, तेच याने केले. साधन तेवढे निराळे होते. रचना कागदावर संपलेली नव्हती. ती त्या खोलीत, दुसऱ्याच्या हातून, एका पायरीने पुढे गेली.

ब्योमने मार्च महिन्याच्या उत्तरार्धात ते चतुष्टय जाहीर बैठकीत वाजविले व श्रोत्यांनी त्याचे उत्तम स्वागत केले. एकाच बैठकीत ते दोनदा वाजवावे, अशी त्या काळी नवलाची वाटणारी पद्धतही त्याच्या वेळी अवलंबिली गेली. म्हणजे, ज्या रचनेवर ६ मार्चला अपयशाचा शिक्का बसला, ती महिना उलटण्यापूर्वी यशस्वी ठरली. आणि दरम्यान तिच्यात जो बदल झाला तो एका लयसूचनेचा. उरलेला सर्व फरक तालमीचा होता. शुपांत्सिगवर मात्र काहीसा अन्याय झाला असे आम्हांस वाटते. पहिल्याने वाट तुडवावयाची व दुसऱ्याने तीवरून चालावयाचे, हा क्रम जगात सर्वत्र आहे. श्रेय दुसऱ्यास मिळते.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. एप्रिलमध्ये बेथोव्हन पोटाच्या विकाराने अंथरुणास खिळला होता. बरा झाल्यावर त्याने ओपस १३२ या चतुष्टयाच्या मधल्या खंडावर, आजारातून उठलेल्याने ईश्वरास वाहिलेले कृतज्ञतेचे गीत, अशा अर्थाचे शीर्षक घातले. तो खंड त्याने लिडियन या प्राचीन स्वरसप्तकात रचला. त्यात मध्यम तीव्र असतो, म्हणजे आपल्याकडील कल्याण थाटाचे स्वर. ९ सप्टेंबर १८२५ रोजी ‘वाइल्डर मान’ नावाच्या उतारगृहात, प्रकाशक श्लेसिंगर याच्या बिऱ्हाडी, मोजक्या निमंत्रितांसमोर या चतुष्टयाचे प्रथम वादन झाले. वादक पुन्हा शुपांत्सिग आणि मंडळीच होती. म्हणजे मार्चमधील राग टिकला नव्हता. या वेळी बेथोव्हन खोलीत हजर होता.

योगायोगाने तेथे सर जॉर्ज स्मार्ट हा इंग्रज संगीतसंचालक उपस्थित होता. नववी सिंफनी त्याने त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला सादर केली होती आणि तिच्या लयी रचनाकाराच्या तोंडून समजून घ्याव्यात म्हणून तो व्हिएन्नास आला होता. त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले आहे, की खोलीत गर्दी व उकाडा असल्यामुळे बेथोव्हनने अंगातील कोट काढून ठेवला होता व तो वादकांस सूचना देत होता. एके ठिकाणी तुटक स्वरांची जागा त्याच्या डोळ्यांस समाधानकारक वाटली नाही. त्याने होल्ट्सच्या हातून व्हायोलिन ओढून घेतले आणि ती जागा स्वतः वाजवून दाखविली. पाव स्वराने ती उतरली होती.

या लहानशा नोंदीत किती गोष्टी एकवटल्या आहेत! त्याची नजर बरोबर होती. तो स्वर जितका तुटक हवा होता, तितका होल्ट्सच्या गजातून निघत नव्हता, हे त्यास अचूक दिसले. परंतु तोच स्वर स्वतःच्या हाताने काढावयास गेल्यावर तो बेसूर झाला, आणि तो बेसूर झाला हे खोलीतील एका माणसाखेरीज सर्वांस कळले. गजाच्या वाद्यात डोळ्यांना जे दिसत नाही असे आम्ही वर म्हटले, ते नेमके येथे उघडे पडले. तरीही त्या चौघांनी आपली वाद्ये खाली ठेविली नाहीत. पाव स्वर उतरलेल्या त्या नमुन्यातून काय घ्यावयाचे व काय सोडावयाचे, हे त्यांस समजत होते. त्यांनी गजाचा झटका घेतला व सूर आपला ठेविला, असेच म्हणावे लागते. कारण चतुष्टय पुढे चालले, दोन दिवसांनी पुन्हा वाजले व नोव्हेंबरात जाहीर बैठकीतही सादर झाले. गुरूच्या उणिवेसकट त्याचे म्हणणे समजून घेणारा शिष्यवर्ग लाभणे, याहून मोठे भाग्य कोणत्या शिक्षकाचे?

तिसरा प्रसंग सर्वांत अवघड. ओपस १३० या सहा खंडांच्या चतुष्टयाचा पहिला प्रयोग शुपांत्सिग आणि मंडळींनी २१ मार्च १८२६ रोजी केला. या चतुष्टयाचा अंतिम खंड म्हणजे एक प्रचंड फ्यूग होता. फ्यूग म्हणजे एका वाद्याने एक स्वरवाक्य मांडावयाचे, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने, चौथ्याने तेच क्रमाने उचलावयाचे आणि पहिल्यांनी त्याच्याशी गुंफण चालू ठेवावयाची. ७४१ मात्राखंडांची ही रचना एकट्यानेच पाव तास घेते. तिच्यात चारही वाद्ये जणू हातघाईवर येतात. बेथोव्हन सभागृहात न जाता जवळच्या एका खानावळीत बातमीची वाट पाहत बसला. होल्ट्सने येऊन सांगितले की दुसऱ्या आणि चौथ्या खंडांना, आमच्या नाट्यगृहांतील भाषेत सांगावयाचे तर, वन्स मोअर मिळाला. हे दोन्ही खंड लहान व नृत्याच्या ढंगाचे होते. आणि फ्यूगला का नाही, असे विचारून बेथोव्हनने श्रोत्यांस शेलकी विशेषणे बहाल केली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे.

लाइपझिगच्या संगीतविषयक नियतकालिकाने या प्रयोगाची जी हकिगत छापली, ती मात्र विचारपूर्वक वाचण्याजोगी आहे. टीकाकाराने फ्यूगला चिनी भाषेइतका दुर्बोध ठरविले. इतकेच नव्हे, तर रचनाकारास आपली कृती ऐकू येत असती तर त्याने असे लिहिलेही नसते, असा तर्क केला. मात्र घाईने निकाल देण्याचे त्याने टाळले. आज जे गढूळ वाटते ते स्वच्छ व सुबक दिसू लागेल असा काळ कदाचित येईल, अशी पुस्तीही त्याने जोडली. बहिरेपणाविषयीचा त्याचा तर्क आम्हांस मान्य नाही. ब्योमच्या तालमीतील बेथोव्हन ज्याने पाहिला, त्यास असे म्हणता येणार नाही, की या पुरुषास आपण काय लिहितो हे समजत नव्हते. परंतु ज्या टीकाकारास रचना कळली नाही आणि तरीही ज्याने पुढील काळासाठी दार उघडे ठेविले, त्याच्या सचोटीस मान दिलाच पाहिजे. अशा टीकेची आज वाण आहे असे नव्हे. पण विपुलताही नाही.

यापुढे झाले ते असे. प्रकाशक मथियास आर्तारिया याने होल्ट्सच्या मध्यस्थीने सुचविले, की चतुष्टयासाठी दुसरा सोपा अंतिम खंड लिहावा आणि फ्यूग स्वतंत्र छापावा. प्रत्येकाचे मानधन निराळे मिळेल. बेथोव्हनने हे मान्य केले. १८२६ च्या शरदात, भाऊ योहान याच्या ग्नायक्सेनडोर्फ येथील घरी राहत असता, त्याने नवा अंतिम खंड लिहिला. त्याच्या हातून पूर्ण झालेली ती अखेरची रचना होय. ज्याने कोणाची पर्वा केली नाही म्हणून ख्याती, तो येथे नमला कसा, याविषयी आजवर पुष्कळ वाद झाला आहे. कोणी द्रव्याची गरज पुढे करतो, कोणी होल्ट्सची गोड जीभ.

आमचा कौल थोडा निराळा पडतो. याच सुमारास फ्यूगचे दोघांनी एका पियानोवर वाजवावे असे रूपांतर प्रकाशकाने दुसऱ्या संगीतकाराकडून करवून घेतले होते. ते बेथोव्हनला पसंत पडले नाही, म्हणून त्याने ते स्वतः नव्याने केले. फ्यूग ओपस १३३ आणि हे रूपांतर ओपस १३४ म्हणून प्रसिद्ध झाले. या रूपांतराचे त्याच्या हातचे हस्तलिखित दीर्घकाळ बेपत्ता होते. २००५ साली ते अमेरिकेत फिलाडेल्फियानजीकच्या एका धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात सापडले. ज्या रचनेवरचा विश्वास उडाला, तिच्यासाठी आजारी माणूस इतके कष्ट उपसत नाही. तेव्हा हे नमणे नव्हते, वाट पाहणे होते. श्रोत्यांस आज जे पेलत नाही ते त्याने मोडून टाकले नाही. बाजूस, सुरक्षित ठेविले. मार्च १८२५ मध्ये त्याने वादकाचे ऐकून एक सूचना खोडली, कारण त्यास ती पटली. मार्च १८२६ नंतर त्याने श्रोत्यांसाठी एक खंड बदलला, पण पूर्वीचा खोडला नाही, कारण त्यास ते पटले नव्हते. दोन कृतींतील हा भेद ज्याच्या ध्यानात येईल त्यास बेथोव्हनच्या स्वभावाची किल्ली सापडेल.

२६ मार्च १८२७ रोजी त्याचे देहावसान झाले. नव्या अंतिम खंडासह ओपस १३० चा प्रयोग त्यानंतर पुढच्याच महिन्यात झाला. तो कानांनी तर नाहीच, डोळ्यांनीही त्यास पाहता आला नाही. फ्यूग पुढे कित्येक दशके क्वचितच वाजविला गेला. मात्र ब्योमच्या हाताखाली योसेफ योआखिम नावाचा मुलगा शिकला. त्याने मोठेपणी बर्लिन येथे स्वतःचे चतुष्टयमंडळ स्थापिले आणि बेथोव्हनची ही अखेरची चतुष्टये एका पिढीच्या अंगवळणी पाडली. विसाव्या शतकात फ्यूगही आपल्या मूळ जागी परत आला. आज अनेक वादक ओपस १३० त्याच्यासह वाजवितात. लाइपझिगच्या टीकाकाराने ज्या काळाची शक्यता वर्तविली होती, तो असा सुमारे शंभर वर्षांनी आला.

हा सर्व वृत्तान्त वाचताना आपल्या संगीताचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे बंदिश रचणारा बहुधा स्वतःच गाणारा असतो. रचना त्याच्या कंठातच जन्मते, आणि तिचे पहिले श्रवण व तिची निर्मिती हे एकाच क्षणी घडते. त्यामुळे पहिल्या प्रयोगाची ही व्यथा आपल्या परंपरेस फारशी ठाऊक नाही. गोमंतकात मात्र ख्रिस्ती धर्मग्रामांच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले, त्यामुळे लिहिलेला स्वर आणि वाजलेला स्वर यांतील अंतर तेथील वादकांच्या परिचयाचे आहे. इतर केंद्रांतही हा प्रश्न उलट बाजूने आला. बडोद्यास मौलाबक्ष यांनी, आणि पुढे पंडित भातखंडे यांनी, कंठातील बंदिशी कागदावर उतरविल्या. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस निघालेल्या माधव संगीत विद्यालयात या लेखनाचा प्रत्यक्ष शिक्षणाशी संबंध जोडला गेला. व्हिएन्नात कागदावरचा स्वर कंठ शोधीत होता. आपल्याकडे कंठातील स्वर कागद शोधीत होता. दोन्हीकडे मधल्या प्रवासात काहीतरी सांडते, आणि ते भरून काढण्यास जिवंत माणूस लागतो. स्वरलिपीवरून बंदिश शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास हे नित्य अनुभवास येते.

आम्हा अध्यापकांस या कथेतून घेण्याजोगे पुष्कळ आहे. शाळेच्या संमेलनात नवे नाटुकले पडते, वर्गात नवा पाठ रंगत नाही, वाङ्मय मंडळात एखाद्या होतकरू कवीची कविता थंडपणे ऐकली जाते. लगेच निकाल दिला जातो : नाटुकले वाईट, पाठ नीरस, कवी सामान्य. ६ मार्च १८२५ च्या रात्री व्हिएन्नातील रसिकांनीही असाच निकाल दिला होता. अशा वेळी तालीम किती झाली होती, वाचणाऱ्यास ते पुरते उमगले होते काय, आणि आपण ते दुसऱ्यांदा ऐकावयास तयार आहोत काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावरही कृती उणीच ठरली, तर ती खुशाल उणी म्हणावी. पुष्कळ कृती उण्या असतातच. परंतु ब्योमने केले त्याप्रमाणे वह्या पुन्हा उघडून, चौघांनी पुन्हा एकत्र बसून, एकदा वाजवून पाहण्याआधी तसे म्हणू नये.